कार्ड सासरी, पोरगी माहेरी

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य, बंगळूरू
आणि
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांस,



दोन मंत्र्यांना मिळून एकच पत्र लिहायची रीत नाही, हे मला कळतं. पण ज्या बाईसाठी लिहितेय ती आपल्या दोघांत वाटली गेलीय. तिचे पहिले सहा महिने एकाच्या राज्यात जातात, पुढचे तीन दुसऱ्याच्या. पत्र फाडून अर्धं अर्धं पाठवलं असतं तर ते आपल्या कारभाराशी जास्त जुळलं असतं, पण मग वाचता कोणालाच आलं नसतं.

मी बसवकल्याणची. मराठी शाळेत आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही वाचता येतं म्हणून गल्लीतली माणसं कागद घेऊन येतात. वारसाची नोंद, बँकेची नोटीस, पोराच्या शाळेचा दाखला, आणि तायी कार्ड. महाराष्ट्राच्या मंत्र्यांसाठी सांगते, तायी म्हणजे कन्नडात आई. गरोदर बाईची आमच्याकडे नोंद झाली की तिला हे कार्ड मिळतं. त्यात वजन, रक्त, लघवी, आणि ‘रक्तदोत्तड’ असा एक रकाना असतो. आपला रक्तदाब.

या रकान्यानं मला बरंच शिकवलंय. काही कार्डांवर पाच भेटी, पाच तारखा आणि पाचही वेळा १२०/८० असतं. पेन एकच, शाई एकच, आठाच्या शेपटीचा कलही तोच. जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे महिनाभराचा गृहपाठ एका बैठकीत उरकलेला मला लगेच ओळखू येतो. जित्या माणसाचा रक्तदाब सकाळी एक असतो आणि जिना चढून आल्यावर दुसरा. पाच महिने तो जागचा हलला नाही, तर मशीनचा पट्टा दंडाला लागलाच नाही असं समजावं. सगळी कार्डं अशी नसतात. १०४/६६, ११२/७० असले अडनिडे आकडे दिसले की मला बरं वाटतं. असा आकडा कोणी मनानं लिहीत नाही.

नर्सबाईंना दोष देत नाही. महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्वाच्या तपासणीला जी गर्दी उसळते ती मी पाहिलीय. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकवायची, पाय खाली सोडायचे, दंड उघडा करून छातीच्या उंचीला धरायचा, बोलू द्यायचं नाही आणि मग मोजायचं, अशी रीत आहे. बाकावर जागा नसताना उभ्या-उभ्या, ब्लाउजच्या बाहीवरून पट्टा आवळून जे निघतं ते लिहिलं जातं. कधी मशीनचा सेल उतरलेला असतो. मग १२०/८०.

आता सरहद्दीचं सांगते. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. राज्यं वेगळी झाली, सोयरीक कुठली वेगळी होतेय? निलंग्याची लेक बसवकल्याणला, भालकीची उदगीरला, उमरग्याची आमच्या गल्लीत. आणि पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत दोन्हीकडे पक्की. सातव्या महिन्यात ओटी भरली, फुलांची वाडी घातली, फोटो काढले की पोरगी पिशवी घेऊन एसटीत बसते. सस्तापूर बंगल्याला हायवे गाठायचा आणि पुढे तासाभरात राज्य बदलतं. कार्ड सासरी कपाटात राहतं.

गरोदरपणातला बीपीचा आजार हीच वेळ साधतो. वीस आठवडे उलटल्यावर रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याच्या पुढे जातो, आणि बहुतेकींना हे शेवटच्या तीन महिन्यांत होतं. म्हणजे दुखणं उगवायला लागतं तेव्हाच तिचं गाव, आशाताई, दवाखाना आणि कागद, सगळं बदलतं.

२०१७ मध्ये माझ्या सुनेचं असंच झालं. वय २१, पहिलटकरीण. तिसऱ्या महिन्यातला तिचा आकडा मला पाठ आहे, १०४/६६, कारण कार्ड मीच वाचलं होतं. सातव्यात ती माहेरी गेली. कार्ड माझ्या कपाटात, माझ्या पासबुकाखाली राहिलं. तिकडे नवं कार्ड निघालं. आठव्या महिन्यात पहिल्या तपासणीला १३६/८८. १४०/९० च्या आत, म्हणून ठीक. आधीचे १०४/६६ कोणाला ठाऊक असते तर निदान आठ दिवसांनी परत बोलावलं असतं. उडी किती मोठी आहे हे कळायला आधी कुठे उभी होती ते माहीत हवं.

विहीणबाईंचा फोन आला: “पाय सुजायलेत जरा. चप्पल बसंना. पोरगा हाय वाटतं.” मी हसले. शिकलेली बाई मी, आणि हसले. मग डोकं दुखायला लागलं, ते उन्हामुळं. डोळ्यांपुढं काजवे, ते अशक्तपणामुळं. उजव्या बरगडीखाली दुखलं, ते पित्तामुळं. जिऱ्याचं पाणी दिलं. यातलं प्रत्येक कारण एकेकटं पटण्यासारखं होतं. आठव्या-नवव्या महिन्यात डोकेदुखी, अंधारी आणि बरगडीखालचं दुखणं एका बाईत एकत्र आलं तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा असतो, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

रात्री झटके आले. कांदा फोडून नाकाशी धरला, पायातली चप्पल हुंगवली. बाहेरचं काहीतरी आहे म्हणून कोणी अंगारा आणायला निघालं होतं, तिच्या भावानं जीप आणली. ज्या पहिल्या दवाखान्यात नेलं तिथं विचारलं, “हिला आधीपासून मिरगी आहे का?” कोणी नाही म्हणालं, कोणी गप्प राहिलं. मिरगी समजून दोन तास गेले. मग पुढे पाठवलं. तिथं रक्तदाब १७० वर ११० होता. मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून दिलं, मग दोन्ही ढुंगणांत एकेक जबर इंजेक्शन. झटके थांबले. सिझेरियन झालं, नात झाली, एक किलो सहाशे ग्रॅमची.

मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे तेच मीठ, जे कपाशीवर लाल्या पडला की आमचे शेतकरी फवारतात. अर्थात दवाखान्यातलं शुद्ध करून बाटलीत भरलेलं असतं. ३३ देशांतल्या १० हजारांहून अधिक बायकांवर त्याची चाचणी झाली, तिचा निकाल २००२ मध्ये आला: झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. इतकं साधं, स्वस्त औषध, आणि ते मिळायला आम्हाला दोन तास, दोन दवाखाने आणि तीस मैल लागले.

पहाटे दवाखान्याच्या व्हरांड्यात विहीणबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “हिच्या वेळंला मलाबी आले होते झटके.” मी विचारलं, मग सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तुम्ही ही पोरगी केली असती का?”

मंत्रिमहोदय, मी खरं सांगते, नसती केली. झटके म्हणजे मिरगी, आणि मिरगीच्या घरातली मुलगी नको, असंच आम्ही म्हटलं असतं. बाळंतपणातले झटके म्हणजे मिरगी नव्हे, हे तेव्हा मला तरी कुठे ठाऊक होतं!

आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा आजार झाला असेल तर लेकीला होण्याची शक्यता वाढते. पण पहिल्या तीन महिन्यांत, हे विचारायलाच हवं असतं तेव्हा, मुलगी सासरी असते आणि उत्तर माहेरी असतं. तेही ट्रंकेच्या तळाला दडवलेलं. सासरचा कागद माहेरी पोचत नाही आणि माहेरची गोष्ट सासरी सांगितली जात नाही. झटके दोन्हीकडून वाट काढून येतात. आणखी एक, सासवांनी विशेष ऐकावं असं. गर्भाची वार, जिथून हे दुखणं सुरू होतं, ती अर्धी बापाच्या अंशाची असते. ज्या मुलाच्या आईला त्याच्या वेळी हा आजार झाला होता, त्याच्या बायकोलाही तो होण्याचा संभव जास्त असतो. तेव्हा दोष शोधायचाच तर तो फक्त सुनेच्या माहेरी शोधून भागणार नाही. माझ्या मुलाच्या वेळी माझा रक्तदाब किती होता? मला माहीत नाही. कोणी मोजलाच नव्हता.

डॉक्टरांनी मला नंतर समजावलं ते माझ्या भाषेत असं. वार रुजते तेव्हा गर्भाशयातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात, पाटाचा कालवा व्हावा तशा. काहीजणींत त्या अरुंदच राहतात. वारेला रक्त कमी पडतं, मग ती आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की अंगभर रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. रक्तदाब चढतो, मूत्रपिंडातून प्रथिनं गळून लघवीत उतरतात, यकृत सुजतं, मेंदूपर्यंत गेलं की झटके. बिघाड पहिल्या चार महिन्यांत होतो आणि दिसतो आठव्यात. वार बाहेर आल्याशिवाय मूळ हटत नाही. म्हणून मीठ बंद करून हा आजार टळत नाही. आमच्याकडे सुजलेल्या पोरींना अळणी खाऊ घालतात, त्या बिचाऱ्या जेवतही नाहीत.

कोणाला धोका जास्त, हे मात्र पहिल्याच भेटीत, बिनपैशांत विचारता येतं. आधीच्या खेपेला बीपी चढला होता का? मुळातच बीपी, साखर किंवा मूत्रपिंडाचं दुखणं आहे का? जुळी आहेत का? यातलं एक ‘हो’ सुद्धा पुरे आहे. मग पहिली खेप, पस्तिशीपुढचं वय, फार जाड अंग, दोन बाळंतपणांत दहा वर्षांहून जास्त अंतर, आई-बहिणीला झालेलं. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी सावध व्हायचं. कोवळ्या वयात गरोदर राहिलेल्या पोरींतही झटक्यांचं प्रमाण जास्त असतं, आणि आपल्या दोघांच्याही सीमेवरच्या गावांत सोळा-सतरा वर्षांच्या मुलींची लग्नं अजून लागतात, हे आपल्या दोघांच्याही फायलीत असेलच. माझी सून पहिलटकरीण आणि आईला झटके आलेली. दोन गोष्टी जुळल्या होत्या. अशा बाईला बाराव्या ते सोळाव्या आठवड्यांत डॉक्टर रोज रात्रीची अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू करू शकतात, आणि लवकर उद्भवणारा, जास्त घातक आजार त्यानं बऱ्याच प्रमाणात टळतो. आठव्या महिन्यात दिली तर उपयोग नाही. ही गोळी सासरच्या वाट्याची आहे, कर्नाटकाच्या मंत्रिमहोदयांच्या वाट्याची.

कॅल्शियमचंही तसंच. ज्यांच्या खाण्यात दूध-दही बेताचं, त्या बायकांना कॅल्शियमनं या आजारापासून राखण मिळते. सरकार चौथ्या महिन्यापासून दिवसाला दोन गोळ्या देतं. आमच्या बायका त्या लोहाच्या गोळीबरोबर एका घोटात गिळतात, दोन्ही एकदाच उरकलं म्हणून. एकत्र घेतलं की लोह अंगाला नीट लागत नाही. हे कार्डावर एका ओळीत छापता येईल, दोन्ही भाषांत.

आपल्या दोघांच्या राज्यांत याबाबत जगाला दाखवण्यासारखं काम झालंय, हे मला नंतर कळलं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा रुग्णालयात ८९४ बायकांवर तीन साध्या तोंडी गोळ्या ताडून पाहिल्या गेल्या. फार चढलेला रक्तदाब तिन्हींनी सहा तासांत बहुतेकींचा काबूत आणला. २०१९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. म्हणजे सुई, सलाईन नसलेल्या ठिकाणीही पुढं पाठवण्याआधी गोळी देता येते. आणि कर्नाटकात, त्याच बेळगावात ज्याच्यासाठी आपण इतकी वर्षं भांडतोय, आणि शेजारच्या बागलकोटात २०१४ ते २०१६ मध्ये आशांच्या हाती मोबाईल आणि रक्तदाबाचं मशीन दिलं गेलं. गरोदर बाईच्या घरी जायचं, मोजायचं, मोबाईल सांगेल तसं पुढं पाठवायचं. असा प्रयोग पाकिस्तान आणि मोझांबिकमध्येही झाला. निकाल गोड करून सांगत नाही. एकूण आकड्यांत मृत्यू आणि गुंतागुंत घटल्याचं दिसलं नाही. पण तिन्ही देश मिळून पाहिलं तेव्हा ज्या बायकांची आठ किंवा जास्त वेळा भेट झाली, त्यांचं बरं निभावलं होतं. मोजण्याला अर्थ येतो तो पुन्हा पुन्हा मोजल्यावर. सातव्या महिन्यात आमच्या पोरींची ही मोजणी तुटते आणि परत एकपासून सुरू होते.

२०२४ च्या अखेरीस बळ्ळारीत सिझेरियननंतर बाळंतिणी दगावल्या, केवढा गदारोळ झाला. त्यानंतर कर्नाटक सरकारनं एप्रिल ते डिसेंबर २०२४ या नऊ महिन्यांतल्या ४६४ मातामृत्यूंची तपासणी करवली आणि त्यातले सत्तर टक्क्यांवर मृत्यू टळले असते असं स्वतःच सांगितलं. ज्या सलाईनवर ठपका होता, तिचा दोष निघाला तो थोड्या मृत्यूंत. ही कबुली दिली याचं मला कौतुक आहे. २०१८-२० मध्ये एक लाख जन्मांमागे कर्नाटकात ६९ माता गेल्या, महाराष्ट्रात ३३, केरळात १९. महाराष्ट्राच्या मंत्र्यांनी यावर खूश होऊ नये. आमची सून दगावली असती तर ती कोणत्या रकान्यात धरली असती, यावर दोन खात्यांत पत्रापत्री झाली असती.

मागणं फार नाही. गरोदर बाईची नोंद होताना तिला देशभराचा एक आरसीएच क्रमांक मिळतो. तो तिचाच, राज्याचा नव्हे. तोच माहेरच्या उपकेंद्रात टाकला की सासरचे सगळे रक्तदाब दिसले पाहिजेत. आज कोणी टाकत नाही. नवं कार्ड काढणं सोपं पडतं. बिदर, कलबुर्गी, लातूर आणि धाराशिव या चार जिल्ह्यांपुरतं तरी हे करून दाखवा. बसवकल्याणची आशा आणि निलंग्याची आशा यांना एकमेकींचे फोन नंबर द्या, पोरगी एसटीत बसली की एकीनं दुसरीला कळवायचं; त्याचे चार पैसे दोघींना मिळावेत. कार्डाचं रक्तदाबाचं पान कन्नड आणि मराठी दोन्हींत छापा. आकड्यांना भाषा लागत नाही, पण सासूला कळलं की कार्ड पिशवीत जातं. आणि पाच वेळा १२०/८० दिसलं तर वरच्या अधिकाऱ्यानं त्या बाईचा दंड स्वतः एकदा धरून पाहावा. नर्सबाईला रागवायच्या आधी तिच्या मशीनचे सेल तपासावेत.

बाळंतपण झालं की सुटलो, असंही नाही. तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तदाब पुन्हा चढतो, झटके तेव्हाही येतात. तोवर सुट्टी मिळून बाळंतीण खाटेवर शेकत असते आणि तिला फक्त डिंकाचे लाडू मोजून दिले जातात.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक सून कार्ड वाचून घ्यायला आली. तिसरा महिना, पहिली खेप, माहेर निलंगा तालुक्यातलं. सासू बरोबर होती. मी चहा टाकला आणि पोरीला म्हटलं, आईला फोन लाव. फोन कानाशी धरून मी हळूच विचारलं, हिच्या किंवा हिच्या बहिणीच्या वेळी बीपी, सूज, झटके असं काही झालं होतं का? पलीकडे बराच वेळ नुसती भांड्यांची आदळआपट ऐकू आली. मग आवाज आला, “बाई, तिथं कोणाला सांगू नका.”

समोर सासू बशीत चहा ओतून फुंकर मारत होती. ती मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, माझीच विद्यार्थिनी. मी पेन घेतलं आणि कार्डाच्या मागच्या पानावर कन्नडात दोन ओळी लिहिल्या, तालुक्याच्या डॉक्टरांसाठी. सासूनं मान वाकवून पाहिलं. तिला कन्नड वाचता येत नाही. जन्मभर मराठी शाळा टिकावी म्हणून भांडले, त्या दिवशी कन्नड लिपीचा आधार वाटला.

डॉक्टरांनी ते वाचलं, गोळी सुरू झाली. पोरगी तीन महिन्यांनी निलंग्याला जाईल. कार्ड पिशवीत जाईल हे मी बघेन. पण तिथल्या डॉक्टरांना त्या दोन ओळी वाचता येणार नाहीत. आपल्या दोघांच्या हातात तीन महिने आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
बसवकल्याण, जि. बिदर